स्टॉलवर सांगितलेली अंजू

उमाशंकर देगलूरचा. बापाचं किराणा दुकान होतं, पण गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारणं त्याला कधी जमलं नाही. वजन नेमकं करायचा आणि गप्प बसायचा. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं हैदराबादेत नोकरी केली आणि मग परत येऊन तो आलोक देशपांडे या मित्राच्या छोट्या कंपनीत शिरला. आलोकनं त्याला प्रदर्शनांतल्या स्टॉलवर बोलायला उभं केलं, तेव्हा घरी सगळे हसले होते.

बोलायचं होतं ओपन सोर्स डेटाबेसबद्दल. माहिती साठवायचं हे सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं नव्हतं. कुणीही घ्यावं, उघडून पाहावं, वापरावं. कंपनी सीडी फुकट वाटायची आणि पुढं ते बसवून देण्याचं, सांभाळण्याचं काम मिळवायची. गिऱ्हाइक म्हणजे मुख्यतः कोचिंग क्लासेस. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते, दर रविवारी हजारो पोरांच्या परीक्षा व्हायच्या आणि निकाल लावताना क्लासवाल्यांची दमछाक व्हायची. पण फुकट म्हटलं की माणूस दचकायचा.

नांदेडच्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी त्याला सरळच विचारलं, "फुकट देताय म्हणजे काहीतरी खोट असणारच. उद्या माहिती बुडाली तर धरायचं कुणाला?"

उमाशंकर गडबडला. आणि तोंडाला आलं ते बोलून गेला. "सर, माहितीचा घोळ काय असतो ते आमच्या घरानं बघितलंय. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी मावशी वाचली, पण एका कचेरीत ती जिवंत होती आणि दुसऱ्या कचेरीत मेलेली. आपण जिवंत आहोत हे सांगत बिचारी महिनोन्‌महिने हिंडत होती."

हे खरं होतं. मुख्याध्यापक खुर्ची ओढून बसले, सगळं ऐकून घेतलं आणि सीडी घेऊन गेले. आलोकनं ते बघितलं. "उमा, हेच सांगत जा. हे लागतंय लोकांना," तो म्हणाला.

मग हदगावला सांगितलं, नायगावला सांगितलं. 'मावशीच्या गावात'चं 'आमच्या गावात' कधी झालं, ते उमाशंकरलाही कळलं नाही. धर्माबादच्या भाषणात तर तो स्वतःच ढिगारा उपसत होता. तिथंच पहिल्यांदा अंजू आली. अंजू मावशीची मुलगी, पाच वर्षांची, त्या पहाटे माळवदाखाली गेलेली. भाषणात मात्र ती दगडमातीच्या खालून "दादा, पाणी" म्हणाली. मंडपातली कुजबुज एकदम थांबली. उमाशंकर म्हणाला, "अशी मुलगी एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर ती होती हे कोण सांगणार?" आणि त्यानं सीडी वर धरली. टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदा त्याच्यासाठी टाळ्या पडत होत्या.

खरं तर भूकंप झाला तेव्हा तो नांदेडच्या हॉस्टेलवर होता. कॉलेजची पोरं ट्रकमध्ये धान्य, चादरी भरून औशाकडं निघाली, तेव्हा यानं अंगात ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. मावशीचं घर तसं पडलेलं बघायची भीती वाटत होती. तो गेला तो थेट हिवाळा सरता सरता, मावशी पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आल्यावर. तोवर तिथं उपसायला काही उरलं नव्हतं.

लातूरचं प्रदर्शन टाऊन हॉलच्या मैदानावर होतं. एका बाजूला इन्व्हर्टरवाले, दुसऱ्या बाजूला क्लासवाल्यांचे टॉपर पोरांचे फोटो, मधे बोलायला मांडव. उमाशंकरचं मन कचरलं. "इथं नको ती गोष्ट," तो आलोकला म्हणाला. "इथल्या लोकांनी खरं भोगलंय."

"म्हणूनच तर इथं लागेल," आलोक म्हणाला. त्याला ती गोष्ट खरीच वाटत होती.

उमाशंकरनं सुरुवात केली. लोक जमले. गोष्टीत ढिगाऱ्यापर्यंत आला आणि त्याला चौथ्या रांगेत लक्ष्मम्मा दिसली. त्याची मावशी. भूकंपानंतर ती लातुरात आली होती आणि क्लासच्या मुलींच्या मेसमध्ये भाकऱ्या करायची. आज धुवट इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती भाच्याचं भाषण ऐकायला बसली होती. देगलूरहून आईनं फोन केला असणार.

तिथं थांबता आलं असतं. पाणी पिऊन विषय बदलता आला असता. पण सगळा मांडव श्वास रोखून बसला होता. आणि तो बोलत राहिला. "ती म्हणाली, दादा, पाणी..." मावशीकडं न बघता त्यानं वाक्य पुरं केलं. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

खाली उतरताच राघवेंद्र सरांनी त्याचा हात हातात घेतला. सरांचे फिजिक्सचे क्लास जिल्ह्यात नावाजलेले. "आमचं सगळं काम तुम्हीच करायचं," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. तेवढ्यात लक्ष्मम्मा जवळ आली. सर म्हणाले, "या कोण?"

"माज्या भनीचा ल्योक हाय ह्यो," तिनंच सांगितलं. मग ती उमाशंकरच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "उमा, तिनं पानी मागितलं व्हतं?"

त्यानं सरांकडं बघितलं.

"मला कुनीच बोललं न्हाई रं. झोपंतच गेली म्हनले. तुला कुनी सांगितलं? शेजारच्या गुरुलिंगनं का? ढिगारा उपसाया त्यो व्हता तिथं."

राघवेंद्र सर शेजारीच उभे होते. उमाशंकर म्हणाला, "नंतर बोलू, मावशी." ती मान हलवून गर्दीतून निघून गेली. तो सरांबरोबर स्टॉलकडं गेला आणि त्यांना चहा दिला. 

दिवेलागणीला तो मेसवर गेला. मुली पंगतीला यायच्या होत्या. मावशी चुलीपुढं भाकरी थापत होती, पण मधेच परातीतलं पीठ नुसतंच मळत राहायची. डोळे सुजलेले होते.

"मावशी, ते खोटं होतं," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मी रचलं. लोकांनी ऐकावं म्हणून."

तिनं वर बघितलं. "पानी न्हाई मागितलं?"

"मला माहीत नाही. मी तिथं नव्हतोच. मला तापसुद्धा नव्हता तेव्हा."

तापाचं तिला काय कळणार? पण तेही त्याच्या तोंडून निघालं.  तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती बाजूला टाकली.

"माज्या लेकराला तू बाजारात नेलास व्हय रं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर त्याला सोसलं असतं. मग मुली आल्या आणि ती वाढायला उठली. त्याच्यापुढंही तिनं ताट ठेवलं. तो खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आलोकला सगळं सांगितलं. मांडवात त्यानं फक्त परीक्षा, निकाल आणि डेटाबेस एवढंच सांगितलं. निम्मे लोक उठून गेले. राघवेंद्र सरांकडंही तो स्वतः गेला आणि खरं काय ते सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काम करा. पण माझ्या पोरांपुढं बोलायला उभं राहू नका." ते काम त्यानं मन लावून केलं. तिथल्या शिपायाच्याही नजरेला नजर द्यायला त्याला वर्ष लागलं.

लातूरला गेला की तो मेसवर जातोच. मावशी आनंदानं बसवते, घरची ख्यालीखुशाली विचारते. निघताना मात्र दारापर्यंत येते आणि दर वेळी तेच विचारते.

"उमा, खरंच तू रचलं व्हतंस न्हवं? माज्या जिवाला बरं वाटावं म्हनून तर तसं न्हाई ना म्हनलास?"

तो दर वेळी शपथेवर सांगतो. ती हो म्हणते. पण तिला ते पटलेलं नसतं, हे त्याला तिच्या तोंडाकडं बघून कळतं.