कॅमेऱ्यापुढचा खांदा

आमच्या नागापुरातल्या शेजारी डॉक्टरांचा आवाज एवढा गोड, की तो ऐकत प्यायलं तर चहाला साखर लागायची नाही. मेडिकलच्या पोरांना ते घरबसल्या मोबाईलवरून पूरक उपचार शिकवतात. मालिश, दाबबिंदू, श्वास. दर वाक्याला "दिसतंय ना?" विचारतात, पलीकडून कुणी हूं की चूं करत नाही. दाखवायला अंग लागतं, ते माझं. माझा खांदा धरलाय, बरा करतो म्हणाले, म्हणून रोज कॅमेऱ्याकडे पाठ करून उघडा बसतो.

परवा म्हणाले, "हे औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. आणि पेशंटचं ऐकणं हाच अर्धा उपचार. दिसतंय ना?" मग असा अंगठा रुतवला, की माझ्या बोंबेनं खर्ड्याच्या किल्ल्यावरची पाखरं उडाली असतील.

"डॉक्टर, मेलो! हातच उचलंना!"

त्यांनी शांतपणे माईक बंद केला आणि दाबत राहिले. तेवढ्यात पलीकडून एक पोरगी बोलली, "सर, काकांना दुखतंय का?"

माईक चालू करून डॉक्टर म्हणाले, "छे, छे! आराम पडतोय त्यांना."

तास संपला. माझा हात लोंबतच होता. मोबाईल पुसत डॉक्टर म्हणाले, "उद्या वहिनींना पाठवा. तुम्ही फार ओरडता."