आत्याची उरलेली नजर

आत्याच्या जगात माणसं चालत येत नसत, ती एकदम उगवत. सायकलवाला, गाय, शेजारची मुलगी, सगळे तिच्या उजव्या हाताशी अचानक प्रकट होत आणि ती दचकून त्यांना झापत असे. जबलपूरच्या सराफा बाजारात एकदा तिने एका स्कूटरवाल्याला अडवलं. "क्यों भैया, आसमान से टपके क्या?" तो बिचारा म्हणाला, "सामने से ही तो आ रहा हूँ, अम्माजी!" आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, मदन महल भागात एकटी राहणारी. आम्ही आत्या म्हणायचो म्हणून सगळी गल्ली तिला आत्याजी म्हणे. मराठी पुस्तकं जबलपुरात सहज मिळत नाहीत. कोणी नागपूरला निघालं की ते परत येईपर्यंत हिला चैन नसे. मी हिंदी शाळेत शिकले. मराठी वाचायला शिकले ते तिच्या मांडीला मांडी लावून. पुढे पुढे ती वाचताना ओळीच्या सुरुवातीला बोट दाबून धरू लागली. विचारलं तर म्हणाली, "पुढची ओळ हरवून राहिली गं. आजकाल छपाईच वाईट."

चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून मी तिला विजय नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला एका यंत्रासमोर बसवलं. आत कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आत्या परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. बाहेर येऊन म्हणाली, "यांची मशीन बिघडली. अर्धे दिवे लागतच नाहीत."

दिवे सगळे लागले होते.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डोळ्यातलं पाणी आत साचतं, दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात मधली एक खिडकी उरलेली. आत्या म्हणाली, "मगर मुझे तो कहीं काला नहीं दिखता." डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दिखेगा भी नहीं, आत्याजी. जो हिस्सा जाता है, उसे दिमाग़ अपने मन से भर देता है." मोतीबिंदूसारखं हे काढून टाकता येत नाही, गेलेलं परत येत नाही, औषधाने दाब खाली ठेवून उरलेलं राखायचं, एवढंच हातात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रक्ताच्या नात्यात हा आजार असू शकतो, म्हणाले.

रोज सकाळ-संध्याकाळ थेंब सुरू झाले. आत्या शिस्तीची, तरी दाब उतरेना. डॉक्टरांनी औषध बदललं, दुसरी बाटली जोडली, लेझर करून पाहिलं. थोडं उतरे, पुन्हा चढे. दर तपासणीत ती खिडकी अरुंद झालेली असायची. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसत असू.

कारण कळलं ते एका सकाळी. तपासायच्या आधी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात थेंब टाकला आणि आत्या खुर्चीतून उठलीच. "अरे! उपास मोडला माझा!"

"आँख में डाली है, आत्याजी, मुँह में नहीं."

"गले तक उतरती है, डॉक्टर साहब. कड़वी लगती है. आज एकादशी है!"

"तो एकादशी को दवा नहीं डालतीं?"

आत्या मान वर करून म्हणाली, "न एकादशी को, न गुरुवार को, न चतुर्थी को."

तिचे उपास कडकडीत, पाण्याचा घोटसुद्धा नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. औषध चुकलं की दाब चढतो, आणि नस तेवढंही सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग तिचंच बोट धरून नाकाजवळच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. "आँख बंद कीजिए, यह कोना थोड़ी देर दबाए रखिए. गले में नहीं जाएगी." इतकं सोपं होतं ते.

परतताना ऑटोत ती डोळ्याचा कोपरा पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. मग म्हणाली, "मी तर देवासाठी करून राहिली होती. त्याने डोळे मागितले होते का गं?"

तोवर उशीर झाला होता. ऑपरेशन करावंच लागणार होतं. डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला एक बारीक वाट करायची. आत्याने विचारलं, "फिर दिखने लगेगा?" "नहीं. जितना है, उतना बचाने के लिए." क्वचित उरलेलंही जाऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती डोळे मिटून चहा करत होती. "बोलू नको," म्हणाली, "आणि मधे येऊ नको." काडी पेटवून तिने गॅस लावला. मी पदराकडे, ज्योतीकडे बघत दाराशी थिजले. तिचे हात ओट्यावर चाचपडत होते, डब्यांवरून फिरत होते. शेवटी डोळे न उघडताच ती हसली. "साखर सापडली. म्हणजे जगता येईल. वाचायचं काय, ते नाही सापडून राहिलं."

ऑपरेशन झालं, दाब उतरला. खिडकी तेवढीच राहिली, पण राहिली. त्यानंतर आत्याने एकही थेंब चुकवला नाही, आणि कोपरा दाबून उपासही चालू ठेवले. तिच्याकडे गेलं की म्हणायची, "बाजूला काहून बसली? समोर ये, दिसू दे." आणि दिसले की बघतच राहायची.

गेल्या हिवाळ्यात ती हृदयविकाराने गेली. त्या सकाळी तिने उन्हात बसून वाचलं होतं. पुस्तक खाटेवर उघडंच होतं; कुठवर आली होती ते आता कळायचं नाही.

तिचं तेरावं झाल्यावर मी डोळे तपासून घेतले. माझाही दाब वाढलेला निघाला. मला काळं कुठेच काही दिसत नाही; पण तिलाही दिसत नव्हतं, म्हणून हे मी कोणाला सांगत नाही. आत्याची नजर तिच्या आधी गेली नाही. डॉक्टर म्हणतात, माझ्याही बाबतीत तसंच व्हायला हवं. हवं, म्हणतात. होईल, म्हणत नाहीत.