घास उतरेना

बस डेपोतल्या त्या मेकॅनिकला सगळे ‘सावकाश’ म्हणत. कामात गडी चलाख होता. नाव पडलं ते जेवणावरून. बाकीच्यांचे डबे धुऊन व्हायचे, तरी याचा अर्धा शिल्लक. घास चावून चावून खायचा, वर पाण्याचा घोट, मग छातीवर हात ठेवून थांबायचं. कुणी जेवायला बोलावलं की तो काहीतरी कारण काढून टाळायचा.

आपल्या हातचं याला रुचत नाही, असं बायकोने मनाशी धरलं होतं. चार घास सुखाने जावेत म्हणून ती भाज्या दुधात शिजवू लागली, सूपमध्ये साय घालू लागली. तो मान खाली घालून गिळत राहिला. दोघंही आतून थकत गेली.

एका दुपारी कँटीनमध्ये मटणाचा तुकडा अडकला तो अडकलाच. थुंकीसुद्धा गिळवेना. फोरमनने त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं. तिथे घशातून नळी घालून तुकडा काढला आणि अन्ननलिकेतला नमुना तपासायला पाठवला.

अहवाल आल्यावर डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज होती, वर्षानुवर्षांची. त्यामुळे अन्ननलिका आतून अरुंद झाली होती. आजार मुळापासून जात नाही, पण काबूत राहतो, असं त्या म्हणाल्या. दम्याच्या रुग्णांना देतात तोच फवारा दिला. फक्त छातीत ओढायचा नाही, तोंडात मारून गिळायचा, आणि नंतर बराच वेळ पाणीही प्यायचं नाही. शिवाय दूध बंद. काही महिन्यांनी पुन्हा नळी घालून बघायचं, फरक नसेल तर गहू बंद करायचा.

“मी तर यांना सगळं दुधातच करून घालत होते,” बायको पुटपुटली.

हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. तिला ते पटलं नाही. घरी परतल्यावर जिन्यात तिने विचारलं, “इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं,” तो म्हणाला. “तुझ्या हाताला चव आहे गं. उतरतच नव्हतं, त्याला तू काय करणार?”

ती पायरीवर बसली आणि रडली. तोही शेजारी टेकला.

काही महिन्यांनी पुन्हा नळी घालून पाहिलं, गहू बंद करायची वेळ आली नाही. सूज उतरली, आणि मग गडी शेफारला. फवारा कोपऱ्यात पडला. फोरमनच्या निरोपसमारंभात त्याने केक हाणला, त्यानंतरही दुधाचं काहीबाही चालूच राहिलं. व्हायचं तेच झालं: पुन्हा घास अडकला, पुन्हा इस्पितळ. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, फक्त तीच औषधं परत लिहून दिली. ते न रागावणंच त्याला जास्त लागलं.

आता घरात दूध येत नाही. बिनदुधाचा चहा दोघांनाही आवडत नाही. तोंडं वाकडी करत पितात. परवा परत नळी घालायची आहे. त्याला कंटाळा आलाय, तिलाही आलाय, पण सोबत जायला तिने आपल्या कामाच्या दुकानातून रजा मागून घेतली आहे.