सरांना कळत नाही

मागच्या महिन्यात एका अध्यापक विद्यालयात माझं व्याख्यान होतं. समोर शेवटच्या वर्षाची मुलंमुली. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, अशा मुलांना शिक्षकानं आधार कसा द्यायचा, हा विषय त्यांनीच दिला होता. त्यांच्यातले बरेचजण पुढे आश्रमशाळांत आणि पाड्यांवरच्या शाळांत जातील. मी नेहमीचं सगळं सांगितलं. मूल सुरुवातीला गप्प राहील, राहू द्या. त्याच्या भाषेतले निदान दहा-वीस शब्द तुम्ही शिका. त्याची भाषा जाणणारं दुसरं मूल वर्गात असेल तर दोघांना शेजारी बसवा. पाणी आणि लघवी यांना भाषेची अट घालू नका. या शेवटच्या वाक्यावर काहीजण हसले, पण लिहून घेतलं.

मग एका मुलीनं विचारलं, "सर, मूल तोंडच उघडत नसेल, तर त्याला कळतंय की नाही हे ओळखायचं कसं?"

मी म्हणालो, चित्र काढायला सांगा, वस्तू आणून द्यायला सांगा, किंवा तुम्ही बोललात ते त्याच्या भाषेत दुसऱ्या कुणाला तरी सांगायला सांगा. उत्तर बरोबर होतं. ते मला कुठे मिळालं, हे मात्र मी तिथे सांगितलं नाही. ते इथे लिहितो आहे.

तेलाच्या तेजीच्या वर्षांत मी सौदी अरेबियात, डोंगरावरच्या खमीस मुशैतच्या एका लहानशा भारतीय शाळेत इंग्रजी शिकवत होतो. भाड्याच्या बंगल्यात शाळा भरायची. मुलग्यांचे वर्ग वरच्या मजल्यावर. जिना चढून आलं की व्हरांड्यात पाण्याचा कूलर होता, साखळीला बांधलेल्या स्टीलच्या पेल्यासकट. शिक्षक बहुतेक केरळचे आणि हैदराबादचे. प्रिन्सिपल दक्षिणेकडचे, कडक, हिंदी न येणारे आणि त्याचा अभिमान असणारे. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "मुंबईचे का?" मी हो म्हणालो. "घरी इंग्रजीच?" त्यालाही हो म्हणालो.

खरं तर मी रायगडच्या खाडीकाठच्या गावचा. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला. मुंबईच्या कॉलेजात माझ्या इंग्रजीला मुलं इतकी हसली होती, की ते इंग्रजी मी खरवडून काढलं आणि रेडिओ ऐकऐकून दुसरं बसवलं. खमीसमध्ये कुणाला ते खोटं वाटलं नाही. प्रिन्सिपल इतर शिक्षकांना माझे उच्चार ऐकायला सांगत. ते सुख मला फार मोठं होतं.

दुसऱ्या सत्रात माझ्या चौथीच्या वर्गात एक नवा मुलगा आला. बाप लष्करी छावणीच्या बांधकामावर क्रेन चालवायचा. बरीच वर्षं एकट्यानं कामगारांच्या कॅम्पात काढल्यावर त्याला बायकोमुलांना आणायची परवानगी मिळाली होती. गावात भारतीय शाळा ही एकच. मुलाला शाळेत ठेवलं तर कुटुंब राहणार, नाहीतर बायको आणि दोन्ही मुलं परत गावी आणि बाप परत कॅम्पात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मुलालाही होतं.

पहिल्या दिवशी त्यानं तोंड उघडलं आणि मला घाम फुटला. ते आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठावरचे कोकणी मुसलमान होते. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या बायका बोलत, तसंच तो बोलत होता. माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, माला पानी पायजे."

मी इंग्रजीत म्हणालो, "मला कळत नाही."

वर्ग हसला. माझा नियम होता : पाण्याला किंवा लघवीला जायचं तर पूर्ण, बिनचूक इंग्रजी वाक्यात विचारायचं. चूक झाली तर जागेवर बसायचं. तो बसला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं पुन्हा प्रयत्न केला. एक शब्द चुकला, मी परत बसवलं. तिसऱ्या दिवशी त्याची चड्डी ओली झाली. मी त्याला तसाच उभा करून वर्गाला विचारलं, "या मुलानं काय म्हणायला हवं होतं?" चौतीस मुलांनी ते वाक्य एका सुरात म्हटलं. मी ते त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तो उभाच होता.

त्यानंतर तो शाळेत पाणी पीत नसे. प्यायलं नाही की जावं लागत नाही, आणि जावं लागलं नाही की विचारावं लागत नाही. त्यानं यातून स्वतःपुरती वाट काढली होती. डोंगरावरची कोरडी हवा, त्याचे ओठ फुटायचे. मला ते दिसत होतं. मी त्याला शिस्त लागली असं समजलो. समजलो हे खोटं आहे. तसं मी स्वतःला सांगितलं.

वर्गात पुण्याच्या एका इंजिनिअरचा मुलगा होता. तो मधूनमधून त्याला मराठीतून काहीतरी कुजबुजायचा. मी दोघांना वर्गाच्या दोन टोकांना बसवलं.

प्रश्न विचारला की तो उभा राहायचा, माझ्याकडे बघत राहायचा. मी म्हणायचो, "चला, पुतळा उभा राहिला, आता कबुतरं बोलवा." मुलं हातांचे पंख करून गुटर्गू करायची. मला वर्ग हसवता येतो अशी ख्याती होती. एकदा प्रिन्सिपलही दारात थांबून हसले.

आता खरी गोष्ट.

खमीसचा गुरुवारचा बाजार. त्या दिवशी खालच्या किनाऱ्यावरून बर्फात घातलेली मासळी वर यायची आणि आसपासच्या कॅम्पांतली कोकणातली माणसं स्वेटर घालून रांगेत उभी राहायची. मी सहसा तिकडे जात नसे. पण त्या गुरुवारी सुरमई आली आहे असं कळलं आणि मला राहवलं नाही. माझ्या पुढे गुहागरकडचा एक फिटर होता. त्यानं मासा उचलून कल्ला उघडला, वास घेतला आणि कुणाला उद्देशून असं नाही, पण म्हणाला, "ही बर्फात मेलेली नाय, बर्फातच जन्मलेली दिसते."

मी मोठ्यानं हसलो. किती दिवसांनी. म्हणालो, "अहो, निदान जन्मली तरी! मागची तर कागदाची होती. माझ्या आईनं बघितली असती तर दुकानदाराच्या टाळक्यात घातली असती."

"कुठले तुम्ही?" त्यानं विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. आणि वळलो तर तो मुलगा. हातात रिकामी पिशवी धरून, माझ्यापासून दोन पावलांवर. बाप पलीकडे रोटीच्या रांगेत होता, त्याची पाठ आमच्याकडे. मुलानं सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघून हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. मी मासे न घेता निघून आलो.

शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी शाळा उघडली. हजेरी झाल्यावर तो आपणहून उठला, टेबलाजवळ आला. प्रिन्सिपल व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. मुलगा इतक्या हळू बोलला, की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल. "सर, तुमचा गाव आमच्या जेटीवरनं दिसतो."

त्यानं मागितलं काहीच नव्हतं. एवढंच सांगायला आला होता. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी खुर्चीत मागे रेललो आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणालो, "मला कळत नाही."

मग त्याला समजलं. भाषेपलीकडचं काहीतरी समजलं. जागेवर जाऊन बसला. मला आठवडाभर भीती वाटत होती की तो घरी सांगेल, पुण्याच्या मुलाला सांगेल, मग सगळ्या शाळेत होईल. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. माझं खोटं त्यानं सांभाळलं. त्याबद्दल मला त्याचा राग येऊ लागला. आपलं गुपित ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बरं वागणं माणसाला जमत नाही, निदान मला जमलं नाही. मी त्याला वर्गात बोलवणंच सोडून दिलं. प्रगतीबद्दल प्रिन्सिपलनी विचारलं तेव्हा म्हणालो, "शून्य."

सत्राच्या शेवटी पालकांचा दिवस होता. आमच्या शाळेत त्या दिवसाची एक पद्धत होती. शिक्षक पालकांशी फक्त इंग्रजीत बोलणार आणि ज्या बापाला इंग्रजी येत नाही त्याला त्याचाच मुलगा अर्थ सांगणार. फी देणाऱ्याला आपलं मूल काय शिकलं ते डोळ्यांनी दिसतं, असं प्रिन्सिपल म्हणत. हुशार मुलांच्या बापांचे चेहरे त्या दिवशी फुलायचे. कच्ची मुलं आदल्या दिवशी आजारी पडायची.

हा मुलगा आला. बाप कामावरूनच आला होता. बुटांना सिमेंट होतं म्हणून ते दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला. माझ्या शेजारी प्रिन्सिपल बसले होते.

"सलाम, मास्तर," बाप म्हणाला. मग मुलाला, "इच्चार, कसा काय चाललाय."

मुलानं इंग्रजीत विचारलं, "माझे वडील विचारतात, माझा अभ्यास कसा आहे." वाक्य बरोबर होतं. प्रिन्सिपलनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे एक वाक्य पाठ करून आलाय."

मग मी बोललो. इंग्रजीत, नेहमीपेक्षा वेगानं, अवघड शब्द निवडून. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. तो अडखळावा म्हणून. म्हणालो, तुमचा मुलगा मंद आहे. आळशी म्हणणार नाही, कारण आळशी मुलात सुधारणा होऊ शकते. पूर्ण सत्रात त्याला माझा एक शब्दही कळलेला नाही. त्याच्यासाठी करता येण्यासारखं सगळं मी केलं आहे. त्याला या शाळेत ठेवणं त्याच्यावरच अन्याय आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मुलगा बापाकडे वळला.

"बा, सर म्हनतात मी मंद हाय. आळशी नाय म्हनत, आळशी असता तर सुधारला असता. सबंध सत्रात त्यांचा येक शब्द माला कळला नाय." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "माझ्यासाठी करन्यासारका सगळा त्यांनी केलाय. माला हितं ठेवला तर माझ्यावरच अन्याय होईल. हा त्यांचा प्रामाणिक मत हाय."

एकही गोष्ट गळली नव्हती. स्वतःला वाचवायला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. त्या खोलीत हे ओळखू शकणारा माणूस एकच होता.

बापाचा चेहरा उतरला. पण प्रिन्सिपल पुढे वाकले होते. मुलाचं न अडखळणं त्यांना जाणवलं असावं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मुंबईचे. तो जे बोलला ते तुम्हाला कळलं का? बरोबर सांगितलं त्यानं?"

मी हो म्हणालो असतो तर मुलगा राहिला असता. इतकं सरळ होतं ते. प्रिन्सिपल कडक होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी पुढची परीक्षा होईपर्यंत त्याला नक्की ठेवलं असतं. आणि मग मला विचारलं असतं, ही किनाऱ्यावरची बोली तुम्हाला कशी येते?

मी म्हणालो, "नाही सर. मला कळत नाही."

बापानं मुलाच्या खांद्याला हात लावला. "सायेब काय इच्चारतात?"

आता तो सांगेल, असं मला वाटलं. मासळीबाजार, फिटर, माझं गाव, सगळं. इंग्रजीत सांगायलाही त्याला अडचण नव्हती. त्यानं मला पुरेसा वेळ दिला. मग बापाला म्हणाला, "सायेब इच्चारतात, मी काय बोललो ते सरांना कळला काय. सर म्हनतात, नाय कळला."

बाप उठला. मला म्हणाला, "मास्तर, तुमी मेहनत घेतलीत, मेहरबानी." त्यानं दोन्ही हातांत माझा हात धरला. तळवे खरखरीत होते. मी इंग्रजीत "वेलकम" म्हणालो.

दाराबाहेर बाप खाली बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला. मुलगा कूलरपाशी गेला. पेला भरून प्यायला. मग दुसरा भरला. मी उघड्या दारातून बघत होतो आणि तो पेल्यावरून माझ्याकडे बघत होता. त्या शाळेत त्याला मी पाणी पिताना पाहिलं ते तेवढंच. प्यायला, पेला साखळीवर सोडला आणि बापाबरोबर जिना उतरून गेला.