मैलमामांची मोरी

मैलमामांना कुणाचा पत्ता विचारला तर ते गल्ली सांगत नसत, मैल सांगत. "पिठाची गिरणी? सातव्या मैलाचा तिसरा फर्लांग, चिंचंखाली." मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, चिंचा तोडल्या गेल्या, तरी मामांच्या तोंडी मैलच राहिला. बांधकाम खात्यात ते मैलकुली होते. आमच्या फाट्यापासून नांदूरघाटकडचे पाच मैल त्यांच्याकडे. खड्डे बुजवायचे, झाडांना चुना-गेरू लावायचा आणि रस्त्याच्या हद्दीत कुणाला घुसू द्यायचं नाही, हे त्यांचं काम.

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी दहाला माझ्या बी-बियाण्याच्या दुकानात चहाला येत. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसत, तोंड रस्त्याकडे. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेला दगड ड्रायव्हर तसाच टाकून निघाला, की मामा काठी आपटत उठायचे. "का बे, ह्यो दगड काय तुजा बाप उचलणार हाय का?" ड्रायव्हर थांबला नाही तर दगड स्वतः उचलायचे.

त्यांचं एक म्हणणं होतं. "रस्ता जनावरावानी असतो. ध्यान न्हाई दिलं की सरकतो." आमच्या फाट्यावर तेच झालं होतं. पश्चिमेची आमची घरं पुढे येत गेली आणि डांबराची ठिगळं दरवर्षी पूर्वेला पडत गेली. पंचेचाळीस वर्षांत रस्ता किती सरकला याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. मीही नाही, आणि मी हिशेब ठेवणारा माणूस आहे.

चौपदरीकरण आलं तेव्हा तो हिशेब निघाला. रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी जागा घ्यायची होती. मध्य आताच्या डांबराचा धरला तर पूर्वेची सहा दुकानं मुळासकट जात होती आणि आमच्याकडे धक्का नव्हता. जुन्या रस्त्याचा धरला तर ती सहा वाचत होती आणि माझ्या छत्तीस फूट खोल घराचे पुढचे आठ फूट जात होते. त्या आठ फुटांतच माझं दुकान. नकाशा आणि जमीन जुळेना. मोजणीच्या साहेबांनी विचारलं, "जुना रस्ता कुठून होता, सांगणारं कोणी आहे?" सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या.

"जुन्या रस्त्याची पाणी जायची मोरी हाय खाली," मामा म्हणाले. "तिचे दोनी कठडे सापडले की मध्य सापडतो. उद्या दाखवतो."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

"मामा, आठवत नाही म्हणा. एवढंच."

"आठवतंय की."

"माझं दुकान जातंय."

मामा म्हणाले, "हद्द राखायचा पगार मला व्हता. तुजा बाप पुढं आला तवा मी तितंच उबा व्हतो. म्हणला, नुसती पडवी घालतो. मी बरं म्हणलो. पडवीची खोली झाली, खोलीचं दुकान झालं. ती चूक माजी हाय सुरेश, तुजी न्हाई."

"मग माझ्यावर कशाला काढता?"

"त्या सहा जणांवर कशी ठिवू?"

दुसऱ्या दिवशी मामांनी जागा दाखवली. जेसीबीने चार फूट खणलं, नुसता मुरूम. चहाच्या हॉटेलातले मामांच्या वयाचे बापू ओरडले, "का बे मैल्या, मोरी पुरात वाहून गेली का काय?" लोक हसले. मीही हसलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मामा घामाघूम झाले होते. ते रस्त्याकडेच्या जुन्या विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत परत गेले, पावलं मोजत आले आणि पहिल्या खड्ड्यापासून तीन पावलं अलीकडे काठी रोवली. "हितं."

तिसऱ्या खेपेला बकेट दगडावर खरवडली. घडीव दगड होता. तासाभरात दुसरा कठडाही उघडा पडला. दोन्हींमध्ये टेप धरला, मध्य काढला, तिथून आमच्या बाजूला माप टाकलं. चुन्याची रेघ नेमकी माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीखाली आली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

दुकान पडलं. मधल्या खोलीत माल लावला. मामा परत आले नाहीत, मी बोलावलं नाही. सिमेंटचा रस्ता झाला, मध्ये दुभाजक बसला. मामांचं घर समोरच्या गल्लीत. सकाळी दहाला ते गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहत. मला दिसत. असे दहा महिने गेले.

पुढे एका कामासाठी घराचं खरेदीखत काढलं. त्यात घर पुढून मागपर्यंत अठ्ठावीस फूट लिहिलं होतं. मी टेप घेऊन उरलेलं घर मोजलं. तीनदा मोजलं. अठ्ठावीस.

त्याच दिवशी निघालो. मामा चार दिवसांपासून गल्लीच्या तोंडाशी दिसले नव्हते. समोरचं घर, पण दुभाजकाच्या कटापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे नऊशे बारा पावलं. मामा खाटेवर होते, आवाज बसला होता.

"दुभाजकावरून उडी मारून आलास?"

"नाही. कटावरून. नऊशे बारा पावलं."

"मोजलीस व्हय?" ते हसले, मग खोकले. "म्हाताऱ्या बाया कशा येत असतील रं इतक्या लांबून?"

मी म्हटलं, "मामा, घर मोजलं. कागदावर आहे तेवढंच आहे."

त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवशी पयल्या खड्ड्यात काय लागंना, तवा वाटलं, बरं झालं. देवाशपथ वाटलं. तू बोलणं सोडशील याचंच भ्या व्हतं मला."

"मग तीन पावलं का सरकलात?"

"मोरी तितं व्हती म्हून."

त्यानंतर मामा एकोणीस दिवस जगले. मी सतरा दिवस गेलो. दोन दिवस दुकानात गर्दी होती म्हणून राहून गेलं.