टिकटिक पोरांची

टिकटिकराव कोअर शेडमध्ये स्टुलावर बसले होते आणि समोरच्या दगडाकडे बघायचाही त्यांना कंटाळा आला होता. टिकटिकराव हे काही खरं नाव नव्हे. उभा जन्म किरणोत्सर्ग मोजायचं मशीन कानाशी धरून हिंडले म्हणून ड्रिलरने ठेवलेलं. आता हेड ऑफिसही तेच वापरायचं, फक्त पाठीमागे. युरेनियम शोधणं हे त्यांचं काम, आणि गेली बरीच वर्षं ते चुनखडीत शोधत होते. चुनखडीने त्यांना दिलं कमी आणि दमवलं जास्त.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, भिंतींना रॅक आणि रॅकवर लाकडी पेट्या. जमिनीत भोक पाडून वर काढलेल्या दगडाच्या गोल कांड्या, म्हणजे कोअर, त्या पेट्यांत ओळीने निजवलेल्या. कांडी ओल्या ब्रशने पुसायची, ॲसिडचा थेंब टाकायचा, फसफसली की चुनखडी. या कामात त्यांचे गुडघे गेले, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे संसारही गेला.

आज लेक आली होती, त्यांना घेऊन जायला. महिन्याभरापूर्वी त्यांनी घरी फोन केला होता, "सापडलं. आता येतो, कायमचा." असं ते पूर्वीही म्हणाले होते. पण या वेळी त्यांच्या आवाजात असं काही होतं की बायकोनेही खरं मानलं आणि त्यांचा पलंग अडगळीतून काढून खिडकीशी लावला. मग काल लॅबचा रिपोर्ट आला. दगडात युरेनियम औषधालासुद्धा नव्हतं. पाठोपाठ हेड ऑफिसने विचारलं, अजून एक हंगाम थांबता का? संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"पण मशीन तर वाजत होतं ना?" लेकीने विचारलं.

त्यांनी मशीन कांडीला टेकवलं. टिकटिक सुरू झाली, चांगली जोरात.

"वाजतंय की अजून. पण हे बापाला ओळखत नाही. पोरांना ओळखतं."

ही कॅम्पातली बोली. युरेनियम म्हणजे बाप. तो फार सावकाश मोडतो आणि त्यातून जी मूलद्रव्यं निपजतात ती पोरं. मशीनला ऐकू येतो तो गोंगाट बहुतेक पोरांचाच, बाप अबोल. हे इथल्या स्वयंपाक्यालाही ठाऊक. लॅबने बाप दाखवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे टिकटिकराव नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत. आणि या खेपेला स्वतःच दवंडी पिटून बसले. दमलेल्या माणसाला चांगली बातमी ऐकायची फार घाई असते.

"मग बाप गेला कुठे?"

हा त्यांच्या आवडीचा प्रश्न. ते जरा सावरून बसले. "पाण्याबरोबर. पावसाचं पाणी हवा घेऊन खाली मुरतं, वाटेतल्या जुन्या खडकांतलं युरेनियम विरघळवतं. चुनखडी काही त्याला अडवत नाही, उलट वाट करून देते. तिच्यातलं कार्बोनेट पाण्यात उतरतं आणि युरेनियमला धरून पुढे पुढे नेतं. अडवतो तो काळा गाळ. चुनखडी साठत होती तेव्हाचं शेवाळ कुजून त्यात राहिलेलं असतं. तिथे पाण्यातली हवा संपते आणि मग बाप बसतो. थरांत, भेगांत, जागा मिळेल तिथे."

"इथे बसला होता?"

"बसला होता." त्यांनी कांडीवरची तांबूस रेघ दाखवली. "मग पुन्हा ताजं पाणी आलं. गाळाचा जोर संपला, धरून ठेवणारं काही उरलं नाही. बाप उठून चालता झाला. पोरं त्या पाण्याला उचलली नाहीत. ती इथेच राहिली."

ड्रिलर पेटी ठेवायला आत आला होता. "साहेब, बाप उताराकडेच गेला असणार. तिकडे काळा थर जाड आहे. ड्रिलची रिग तिकडे हलवू?"

टिकटिकरावांचा हात आपोआप नकाशाकडे गेला. "तिथे नक्की थांबला असेल," ते लेकीला म्हणाले. "एकच हंगाम, बाळा."

लेक त्या कांडीकडे बघत होती. "बाबा, गेलेला बाप परत येतो का हो कधी?"

"छे. पाणी उलटं वाहतं होय?"

"हे आम्हाला आधी सांगायचं होतं. आम्ही आपले टिकटिकत बसलो."

ती रागावून बोलली असती तर त्यांनी उत्तर दिलं असतं. ती नुसतीच दमलेली होती, त्यांच्यासारखीच. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी मशीन बंद केलं.

"रिग हलव," ते ड्रिलरला म्हणाले.

"म्हणजे थांबताय ना?"

"रिग हलव म्हणालो. ऑफिसला कळव, मी घरी गेलो. बाप सापडला तर मला फोन करू नका."

ड्रिलरने त्यांची पिशवी उचलून गाडीपर्यंत आणून दिली.

गाडी रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "पलंग खिडकीशीच आहे ना?"

"काल तुम्ही रिपोर्टचं सांगितलंत," लेक समोर बघत म्हणाली, "फोन ठेवल्या ठेवल्या आईने तो परत अडगळीत लोटला."

त्यांनी गुडघे चोळले. "दार अरुंद आहे त्या खोलीचं," ते म्हणाले. "मला एकट्याला नाही ओढता येणार. दुसरं टोक धरशील?"