चंदूचा शेवटचा भाग

आमच्या दुकानात काज-बटण करणाऱ्या बाईंचं चंदूताई हे नाव मीच ठेवलं. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं आमची ही म्हणतेच. त्याआधी कित्येक वर्षं त्या नुसत्या 'बाई' होत्या. सकाळी यायच्या, दाराशी चपला सरळ रेषेत काढायच्या, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत शर्टांना काजं करायच्या. बोलणं मोजकंच. मी दिवसभर कुणाला ना कुणाला फैलावर घेत असतो. कधी गिऱ्हाइकाला, कधी वीज कंपनीला, कधी रंग जाणारं कापड विकणाऱ्याला. त्यात बाईंचा एखादा 'हं' मिसळला की माझं समाधान व्हायचं.

आवाज मात्र वेगळा होता त्यांचा. साठी उलटली तरी फोनवर 'हॅलो' म्हणाल्या की पलीकडचा माणूस विचारायचा, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" तगाद्याचे फोन मी मुद्दाम त्यांनाच घ्यायला लावायचो. लहान मुलाला कोण रागावणार, की कोट अजून का झाला नाही म्हणून?

एका दुपारी मी मॅचची कॉमेंट्री शोधत रेडिओचा काटा फिरवत होतो. रेडिओ माझ्या वडिलांचा, मीडियम वेव्हचा, मूडी. कॉमेंट्री राहिली बाजूला, खरखरीतून एका पोराचा आवाज आला, "आई, मी पडलो नाही. जमीनच मध्ये आली." मग एक बाई हसली. रेडिओवरच्या जुन्या नाटकात हसतात तसं, सावकाश, घरात बसून हसल्यासारखं. मी काटा पुढे सरकवणार, तोच आमच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या."

त्यांनी काही मागितलं असं पहिल्यांदाच घडत होतं. मी हात काढला.

"हा मी," त्या म्हणाल्या.

"हा मी म्हणजे?"

"हा मुलगा. चंदू. तो मी."

मी म्हटलं, ऊन फार आहे, पाणी प्या. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि पुढचं वाक्य रेडिओच्या बरोबरीनं म्हणून दाखवलं. तोच आवाज, तोच हेल, शेवटी तेच नाक ओढणं. माझ्या अंगावर काटा आला. अशा गोष्टींनी काटा येणाऱ्यांतला मी नव्हे.

मग ती हकीकत तुकड्यातुकड्यानं बाहेर आली. त्यांच्या तरुणपणी त्या शर्टांच्या एका कारखान्यात कामाला होत्या आणि रेडिओ केंद्र समोरच होतं. नाटकाला मुलगा हवा असला की तिथल्या लोकांच्या नाकी नऊ यायचे. खरी मुलं एका जागी उभी राहत नाहीत, कागद वाजवतात, आणि मालिका रंगात आली की नेमका त्यांचा आवाज फुटतो. एकदा दिग्दर्शक चहाला बाहेर आला आणि कारखान्याच्या दारात त्यानं यांना कुणाशी तरी भांडताना ऐकलं. कोणतं कार्टं आहे म्हणून बघायला गेला, तर दोन वेण्यांची मुलगी. दुसऱ्या आठवड्यात या मायक्रोफोनसमोर होत्या, पायाखाली लाकडी खोकं घेऊन.

आई आणि तिचा चंदू, एवढंच ते नाटक. आठवड्याला एक भाग, आणि लोक जिवाचा कान करून ऐकायचे. एक बाई चंदूसाठी स्वेटर विणून केंद्रावर घेऊन आल्या होत्या. दिग्दर्शक साहेबांनी सांगितलं, चंदू शाळेत गेलाय. आणि चंदू दाराआड वेणीचं टोक तोंडात कोंबून हसत उभा. तो स्वेटर यांनी पुढे बरीच वर्षं घातला, बाह्या तोकड्या पडत असूनही.

हे सगळं त्या मजेत सांगायच्या. नाटकातल्या आईची गोष्ट निघाली की मात्र आवाज खाली यायचा. आमच्या चंदूताईंची स्वतःची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली. घरात वडील आणि काका. दोघंही कामापुरतं बोलणारे, दोघंही हिला 'ए' म्हणून हाक मारणारे. 'आई' ही हाक या बाईनं आयुष्यात फक्त मायक्रोफोनसमोर मारली.

आईचं काम करणारी बाई मोठ्या वयाची होती, तिला मूलबाळ नव्हतं. ध्वनिमुद्रणाआधी ती या मुलीला जवळ ओढायची आणि तिच्या वेण्या सोडून पुन्हा घालायची. "अहो, रेडिओवर कोण बघतंय?" असं कुणी म्हटलं की म्हणायची, "मी बघते ना." आणि ही पावलांचा आवाज न करता येऊन कोपऱ्यात बसते म्हणून तिला म्हणायची 'मनी'. तिच्याशिवाय या नावानं दुसऱ्या कुणी हाक मारली नाही. आधी नाही, नंतरही नाही.

शेवटच्या भागात चंदू शिकायला परगावी जातो. आई दारात उभी राहून म्हणते, "जपून जा रे, चंदू," आणि नाटक संपतं. त्याच सुमारास त्या बाईच्या नवऱ्याचीही बदली झाली होती, सामान बांधून तयार होतं. ते वाक्य आलं आणि ती म्हणून गेली, "जपून जा गं, मने." लगेच भानावर आली आणि म्हणाली, "रे, चंदू." काचेपलीकडे साहेबांनी कपाळाला हात लावला. पण पुढच्या कार्यक्रमाचे तबलजी दारात खोळंबले होते. पुन्हा करायला वेळ नव्हता. साहेब म्हणाले, बघू, काढून टाकू.

तो भाग लागला त्या संध्याकाळी यांच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं. ऐकायचं राहून गेलं. ती बाई गावाला गेली ती गेलीच, पुढे वारल्याचं कानावर आलं. साहेबही गेले. तिथं उभं असलेलं कुणीच उरलं नाही.

"तुमची खात्री आहे ना, ती तसं म्हणाली म्हणून?" मी विचारलं. माझी जीभ ही अशी.

चंदूताईंनी सुई काजात अडकवून ठेवली. "तेच तर. आधी होती. आता मला सांगता येत नाही, मास्तर. इतकी वर्षं मी ते रोज ऐकलंय मनात. कधी वाटतं, मीच ते तिच्या तोंडी घातलं. हवं होतं म्हणून." मग म्हणाल्या, "एकदा ऐकायला मिळालं ना, तर बस. कुणीतरी मला आपली समजून हाक मारली होती, एवढं कळेल."

मी रेडिओ केंद्राला फोन केला. पलीकडच्या माणसाला आधी विश्वासच बसेना. "तुम्ही ऐकता? खरंच? दुपारी कुणी नसतं म्हणून आम्ही जुनी रिळं लावतो." मी त्याला चांगलंच झापलं. मग त्यानं उत्साहानं माहिती दिली, की चंदूचे भाग क्रमानं चाललेत, शेवटचा लवकरच येईल, रीळ धड असलं तर. पुन्हा लागेल का, विचारलं, तर म्हणाला, आता पुन्हा तो डबा कोण शोधणार?

मी चंदूताईंना म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करून ठेवू. त्या म्हणाल्या, "नको. असलं तर एकदा पुरे. नसलं, तर ते नसणं जपून ठेवून काय करू?"

तेव्हापासून आमच्या दुकानाचा रिवाज बदलला. मशीनची मोटर चालू केली की मीडियम वेव्ह नुसती खरखरते, कुणी चणे भाजावेत तशी. म्हणून नाटकाच्या अर्ध्या तासात मोटर बंद. मी कुरकुर करत कच्चे टाके घालायचो, कॉलरी उलटवायचो. शेजारी वेल्डर आहे, त्याची ठिणगी उडाली की आमचा चंदू गप्प व्हायचा. त्याच्याशी मी दोनदा भांडलो, तिसऱ्यांदा नाटकाची गोष्ट सांगितली. मग तोही त्या वेळात काम थांबवून आमच्या पायरीवर येऊन बसायला लागला. मला नाटकबिटक आवडत नाही, हे मी सगळ्यांना सांगत होतो. पण चंदूला गोवर आला त्या भागात माझं बोट कात्रीत आलं, हे खरं आहे.

रोज दुपारी चंदूताई स्टूल रेडिओजवळ ओढायच्या आणि कान देऊन बसायच्या. त्या बाईचा आवाज यायचा, "चंदू, जेवलास का?" आणि चंदूताईंचे ओठ हलायचे. जेवले, असं म्हणायच्या बहुतेक. मी बघितलं नाही असं दाखवायचो. इतकं वय झालेल्या बाईला आईची एवढी भूक असू शकते, हे मला माहीत नव्हतं. माझी आई घरात होती तेव्हा मी तिच्याशी नळाच्या वेळेवरून भांडत असे.

शेवटच्या भागाच्या दिवशी चंदूताई नीट इस्त्री केलेले कपडे घालून आल्या. सकाळपासून एक काज धड झालं नाही. उसवायच्या, पुन्हा घालायच्या. त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि तो बघून माझाही. नाटकाच्या तोंडावर एक तरुण गिऱ्हाईक धावत आलं. मुलाखतीला जायचं होतं, पँट लांब होत होती, आत्ताच्या आत्ता आखूड करून हवी होती. त्यानं ट्रायल रूममध्ये जाऊन पडद्यावरून पँट माझ्या हातात दिली. मी म्हटलं, अर्धा तास बसा. "अर्धा तास? असा?" तो आतून म्हणाला. मी म्हटलं, असेच. पँटशिवाय तुम्ही जाणार कुठं?

वेल्डर पायरीवर येऊन बसला. नाटक सुरू झालं. त्या दिवशी आवाज स्वच्छ येत होता, आयुष्यात कधी आला नव्हता इतका. चंदूनं पेटी उचलली. आईनं विचारलं, "डबा घेतलास?"

"घेतला."

"मफलर?"

"घेतला."

"मग आता काय राहिलं?"

चंदूनं नाक ओढलं. आमच्या चंदूताईंनी दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या होत्या. रेडिओतली आई श्वास घेऊन म्हणाली, "जपून जा..."

टक्.

"...रे, चंदू."

दार लागलं, व्हायोलिन वाजलं, नाटक संपलं.

तो 'टक्' कशाचा ते मी पाहिलं होतं. माझं तोंड ट्रायल रूमकडे होतं. त्याच क्षणी पडद्याखालून उजेड पडला. बिचाऱ्यानं अंधारात बसून कंटाळून दिव्याचं बटण दाबलं होतं, आणि बटण दाबलं की आमचा रेडिओ टक् करतोच. चंदूताईंची पाठ होती पडद्याकडे.

त्या वळल्या. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "तिथं कापलंय. मधलं काहीतरी काढून टाकलंय आणि जोडलंय. ऐकलंत ना, मास्तर?"

मी आयुष्यात कुणाच्या होला हो मिळवलेलं नाही. कोट शोभत नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, मग कापड परत गेलं तरी बेहत्तर. तेव्हाही खरं ते जिभेच्या टोकावर होतं. त्या रिळात खरंच काही कापलं होतं की नाही, देव जाणे. मला फक्त दिवा लागलेला दिसला होता.

"ऐकलं," मी म्हणालो. "कापलंय. आणि कापणाऱ्याचा हात काही बरा नव्हता."

"म्हणजे ती म्हणाली होती."

"म्हणाली नसती तर कापलं काय असतं त्यांनी?"

चंदूताईंनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "मी नव्हतं घातलं तिच्या तोंडी," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली होती."

"मास्तर," आतून आवाज आला, "आता तरी पँट..."

"थांबा हो," मी म्हणालो. आणि उठून पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो, खालून येणारा उजेड झाकला जाईल असा.